घरच्या संगणकाची आभासी स्मृति : किती ठेवावी?

(नभोवाणीवरील भाषण)



घरोघरीं संगणक आला त्याला आतां बरींच वर्षें लोटलीं. त्यावर हिशेब होतात, पत्रें लिहिलीं जातात, मुलांचे अभ्यास होतात आणि दूरदेशीं असलेल्या लेकीनातवंडांचीं तोंडेंहि त्यावरच दिसतात. परंतु ज्या यंत्रावर आपण इतके विसंबून असतों, त्याच्या पोटांत काय चाललें आहे याची विचारपूस तें अडून बसेपर्यंत आपण सहसा करीत नाहीं. मग तें मंद झालें कीं जो भेटेल तो एखादा उपाय सुचवितो. त्यांतील एक वारंवार कानांवर येतो : "आभासी स्मृति वाढवा." दुसरा गृहस्थ तितक्याच ठामपणें सांगतो : "ती अजीबात बंद करा, यंत्र पळूं लागेल." तिसरा सूत्रच देतो : "रॅमच्या दीडपट ठेवा." तिघांचाहि आवाज सारखाच आत्मविश्वासाचा असतो, आणि ऐकणारा मात्र पडद्यावर उघडलेल्या चौकटींत कोणता आंकडा लिहावा या विवंचनेंत पडतो.

त्या आंकड्याविषयींच आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी यंत्रविद्येचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलों आणि मुलांना अंकगणित शिकविण्यांत आयुष्य गेलें. पण हा प्रश्न तितपतच गणिताचा आहे. तो वजाबाकीचा आहे आणि लोक तो गुणाकारानें सोडवूं पाहतात, इतकेंच आजच्या भाषणाचें सार समजावें.

प्रथम ही आभासी स्मृति म्हणजे काय तें पाहूं. यंत्राच्या पडद्यावर हिचें नांव 'व्हर्च्युअल मेमरी' असें दिसतें. संगणकांत माहिती ठेवण्याचीं दोन स्थानें असतात. एक रॅम : ही अति चपळ, पण महाग आणि म्हणून थोडी, शिवाय वीज गेली कीं तींतील सर्व पुसलें जातें. दुसरें स्थान म्हणजे हार्ड डिस्क, किंवा अलीकडे तिची जागा घेणारी एसएसडी : ही विस्तीर्ण, स्वस्त व टिकाऊ, परंतु संथ. शिक्षकाचें टेबल आणि शेजारच्या खोलींतील कपाट यांचें जें नातें, तेंच या दोहोंचें. तपासावयाच्या वह्या टेबलावर असतात. टेबल भरलें कीं ज्या वहीला बराच वेळ हात लागलेला नाहीं ती कपाटांत जावयाची, आणि तिचें काम निघालें कीं ती परत आणावयाची. संगणकहि हेंच करतो. तो स्मृतीचे लहान व सारखे तुकडे पाडतो. त्यांना 'पानें' म्हणतात. आपल्या घरांतील विंडोजच्या संगणकांत एक पान सामान्यतः ४ किलोबाइटचें असतें. रॅममधील जागा अपुरी पडूं लागली कीं बराच वेळ न लागलेलीं पानें डिस्कवरील एका राखीव फायलींत जाऊन बसतात. हिचेंच नांव पेज फाइल. हिचा आकार किती असावा, हाच आपला प्रश्न.

ही युक्ति आजची नाहीं. इंग्लंडांतील मँचेस्टर विद्यापीठांत टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनीं 'ॲटलस' नांवाचा संगणक सिद्ध केला. १९६२ च्या डिसेंबरांत त्याचें उद्घाटन झालें. त्याची चपळ स्मृति अवघ्या १६,३८४ शब्दांची होती. यंत्राच्या भाषेंत 'शब्द' म्हणजे आंकड्यांचा एक ठराविक संच. तिच्या जोडीला फिरत्या चुंबकीय पिंपांवर ९८,३०४ शब्दांची, म्हणजे बरोबर सहापट, संथ स्मृति होती. तोंपर्यंत कोणता भाग पिंपावरून केव्हां आणावा आणि कोणता केव्हां परत ठेवावा याची काळजी आज्ञावली लिहिणाऱ्यालाच वाहावी लागे. ॲटलसनें ती काळजी आपल्याकडे घेतली. लिहिणाऱ्याला दोन्ही मिळून एकच मोठी स्मृति आहे असा भास होई. 'आभासी' या शब्दाचें मर्म तेथेंच आहे. आज आपल्या मेजावरील यंत्रांत चालतें तें त्याच युक्तीचें वाढलेलें रूप होय.

आतां जरा सूक्ष्म भागाकडे वळूं, कारण सर्व घोंटाळा येथेंच होतो. पेज फाइल ही केवळ अडगळीची खोली नव्हे. ती एक प्रकारची तारणठेव आहे. एखादा प्रोग्राम सुरू झाला कीं तो यंत्राकडे स्मृति मागतो, आणि बहुधा गरजेहून अधिक मागतो. लग्नघरीं पंगत मांडतांना येणाऱ्यांपेक्षां चार पाट अधिक मांडतात, तसाच हा प्रकार. विंडोजचा दंडक असा आहे कीं, जितकें कबूल केलें तितकें, मागतांक्षणीं, कोठें तरी देतां आलेंच पाहिजे. म्हणून तिच्या कबुलीला एक मर्यादा असते. आणि ती मर्यादा म्हणजे स्थूलमानानें रॅम अधिक पेज फाइल. ही बेरीज संपली कीं पुढची मागणी नाकारली जाते. मग प्रोग्राम एक तर 'स्मृति अपुरी आहे' असें सांगतो, नाहीं तर कांहीं न सांगतां बंद पडतो. मौज अशी कीं, त्या क्षणीं रॅमचा कांहीं भाग प्रत्यक्षांत रिकामा असूं शकतो; कारण तो वापरला गेलेला नसला तरी दुसऱ्या कोणाला तरी कबूल केलेला असतो. रिकामी रॅम पाहून "पेज फाइल कशाला हवी?" असें विचारणारे नेमके हें विसरतात.

याच्या उलट, पेज फाइल मोठी केली म्हणजे वेग वाढतो हीहि समजूत खरी नव्हे. दोन्ही स्थानांच्या वेगांत अंतर किती आहे तें पाहा. रॅममधील एखादें ठिकाण गांठण्यास सुमारें १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोट्यंश लागतो. साधारण एसएसडीला त्याच कामास सेकंदाचा सुमारें दशसहस्रांश लागतो. फिरत्या हार्ड डिस्कला तर सुमारें शतांश लागतो. कारण ती मिनिटास ७,२०० फेरे घेणारी असली तरी अर्धा फेरा होण्यासच चार सहस्रांशांहून अधिक वेळ जातो, आणि वाचक-सुई योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ वेगळाच. हे अपूर्णांक मनांत ठसत नाहींत, म्हणून ते आपल्या मापानें मोजूं. टेबलावरील वही उचलण्यास एक सेकंद लागला असें धरलें, तर एसएसडीच्या कपाटांतून ती आणण्यास सुमारें १७ मिनिटें लागतील, आणि फिरत्या डिस्कच्या कपाटांतून आणण्यास सुमारें २८ तास!

कपाट कितीहि मोठें केलें तरी तेथवरचें अंतर कमी होत नाहीं. क्वचित् लागणारी वही कपाटांत असली तर बिघडत नाहीं. पण ज्या दहा वह्या क्षणोक्षणीं लागतात त्यांतील पांचच टेबलावर मावत असतील, तर शिक्षकाचा सारा दिवस येरझारा घालण्यांतच जाईल. संगणकाची अशी स्थिति झाली म्हणजे डिस्कचा दिवा अखंड लुकलुकत राहतो, बाण हालत नाहीं, आणि काम मात्र कांहींच होत नाहीं. इंग्रजींत तिला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६८ सालीं तिचें कारण स्पष्ट करून दाखविलें : प्रत्येक प्रोग्रामला एका वेळीं ज्या पानांची वारंवार गरज असते तेवढीं पानें रॅममध्यें मावलीं पाहिजेत, तीं मावलीं नाहींत तर इतर कोणत्याहि युक्तीनें काम पुढें सरकत नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

मग 'दीडपट' हें सूत्र कोठून आलें? तें कोणीं तरी हवेंतून काढलेलें नव्हे. २००१ सालीं निघालेली विंडोज एक्स-पी स्वतः आरंभीचा आकार रॅमच्या दीडपट आणि कमाल आकार तिप्पट धरीत असे. त्या काळीं घरच्या यंत्रांत २५६ मेगाबाइट रॅम असली कीं पुष्कळ झालें. तिच्या दीडपट म्हणजे ३८४ मेगाबाइट. त्या यंत्राला तो आंकडा शोभत होता. परंतु आज १६ गिगाबाइटच्या यंत्रास तेंच सूत्र लावलें तर २४ गिगाबाइट जागा अडवून ठेवावी लागेल. आणि घरांतील नित्याच्या कामाला तिचा शतांशहि लागणार नाहीं असें पुष्कळदां आढळेल.

या सूत्राचा खरा दोष आणखी खोल आहे. एकाच घरचें एकच काम घ्या. समजा, त्या कामांत सर्व प्रोग्रामांना मिळून अधिकांत अधिक ७ गिगाबाइट कबूल करावे लागतात. हें काम ४ गिगाबाइट रॅमच्या यंत्रावर केलें तर निदान ३ गिगाबाइटची भर पेज फाइलनें घातली पाहिजे. तेंच काम १६ गिगाबाइटच्या यंत्रावर केलें तर भर घालावयाची गरजच उरत नाहीं. म्हणजे रॅम वाढेल तशी पेज फाइलची गरज घटते. आणि सूत्र तर सांगतें कीं रॅम वाढेल तशी पेज फाइलहि वाढवा! पगार वाढला म्हणून कर्जहि त्याच प्रमाणांत काढा, असें म्हणण्यासारखेंच हें झालें.

आतां दुसऱ्या टोंकाचा उपदेश, म्हणजे पेज फाइल शून्य करण्याचा. त्यानें काय होतें याचें एक उदाहरण सांगतों. आमच्या शेजारीं एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांचे यजमान हयात असतांना सह्याद्रींतील गडकिल्ले पायीं हिंडत आणि परत आल्यावर वहींत टिपणें लिहीत. अशा सव्वीस वह्या आहेत. शाई फिकी होत चालली आहे आणि तें बारीक मोडी वळणाचें अक्षर आतां घरांत बाईंखेरीज कोणासच लागत नाहीं. म्हणून त्या पानांचीं चित्रें पडद्यावर उघडून शेजारच्या चौकटींत मजकूर टंकित करीत असतात. त्यांच्या यंत्रांत ८ गिगाबाइट रॅम आहे. एका दुरुस्तीवाल्यानें नवी एसएसडी बसवितांना "ही झिजूं नये आणि वेगहि वाढावा" म्हणून पेज फाइल बंद करून दिली होती. कांहीं दिवस सर्व ठीक चाललें. मग एके सायंकाळीं चित्रें पुष्कळ उघडीं होतीं, नकाशा उघडा होता, नातवानें मागें सोडलेला एक खेळहि चालूच होता. आणि स्मृति अपुरी असल्याची सूचना येऊन लिहिण्याचा प्रोग्राम बंद पडला. दोन तासांचें टंकन गेलें. बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, दोन तासांचें मला कांहीं नाहीं; पुन्हां लिहीन. पण डोळे अजून किती दिवस साथ देतील हें मोजलेलें आहे, आणि त्यांतले दोन तास गेले."

आम्हीं दोघांनीं मिळून जें केलें तेंच आपणहि करूं शकाल, म्हणून तें क्रमानें सांगतों.

पहिली पायरी : पेज फाइल प्रथम यंत्राच्याच स्वाधीन करावी. पडद्यावरील शोधाच्या चौकटींत 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' असें शोधावें. उघडलेल्या चौकटींत 'परफॉर्मन्स' या मथळ्याखालील 'सेटिंग्ज', तेथें पुन्हां 'ॲडव्हान्स्ड', आणि त्यांत 'व्हर्च्युअल मेमरी' समोरील 'चेंज' हें बटण दाबावें. सर्वांत वर 'ऑटोमॅटिकली मॅनेज' या शब्दांनीं सुरू होणारी ओळ आहे. तिच्यासमोर खूण करून यंत्र पुन्हां सुरू करावें. मग यंत्र गरजेप्रमाणें फाइल लहानमोठी करतें. मात्र त्यासाठीं डिस्कवर मोकळी जागा हवी. डिस्क कांठोकांठ भरलेली असेल तर फाइल वाढूं शकत नाहीं आणि तीच आपत्ति पुन्हां ओढवते.

दुसरी पायरी मोजमापाची. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यांत 'परफॉर्मन्स' आणि त्याखालीं 'मेमरी' निवडावें. तेथें 'कमिटेड' या शब्दाजवळ दोन आंकडे असतात, मध्यें तिरपी रेघ. पहिला आंकडा आतांपर्यंत कबूल केलेल्या स्मृतीचा, दुसरा कबुलीच्या मर्यादेचा. एक आठवडा, कामाच्या ऐन गर्दीच्या वेळीं, पहिला आंकडा वहींत टिपून ठेवावा. रिकाम्या वेळचा आंकडा घेऊन उपयोग नाहीं. पाण्याची टांकी किती मोठी हवी हें सकाळच्या वेळीं ठरतें, मध्यरात्रीं नव्हे.

तिसरी पायरी वजाबाकीची. आठवड्यांतील सर्वांत मोठा आंकडा घ्या, त्यांत पावपट मिळवा, आणि त्यांतून वापरतां येणारी रॅम वजा करा. बाईंच्या यंत्रावर सर्वांत मोठा आंकडा १०.२ गिगाबाइट आला. पावपट मिळवून पावणेतेरा झाले. त्यांतून वापरतां येणारी ७.८ गिगाबाइट रॅम गेली. उरले सुमारें ५ गिगाबाइट. ही त्यांची गरज. चौकटींत आंकडा मेगाबाइटांत द्यावा लागतो आणि १ गिगाबाइट म्हणजे १,०२४ मेगाबाइट. म्हणून ५,१२० हा आरंभीचा आकार आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे १०,२४०, हा कमाल आकार आम्हीं लिहिला. विंडोजच्या अंतरंगाचे प्रसिद्ध अभ्यासक मार्क रुसिनोविच यांनीं २००८ सालीं हीच पद्धति मांडली होती : मोठ्यांत मोठी कबुली वजा रॅम हा किमान आकार, आणि त्याची दुप्पट हा कमाल. पावपटीची भर ही गृहस्थी सावधगिरी, माझी.

वजाबाकी करून शून्य किंवा त्याहूनहि कमी आलें, तरी फाइल अजीबात काढून टाकूं नये. एखाददोन गिगाबाइट ठेवावेच. कबुलीला थोडी सैल जागा राहते, आणि यंत्र एकाएकीं कोसळलें तर त्या क्षणीं आंत काय चाललें होतें याची नोंद लिहून ठेवण्यास विंडोज याच फायलीचा उपयोग करते. शिवाय हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ज्यांना आंकड्यांच्या या खटपटींत पडावयाचें नाहीं त्यांनीं पहिल्या पायरीवरच थांबावें. डिस्कवर पुरेशी जागा असेल तर बहुतेक घरांना यंत्राची स्वतःची निवड पुरते. मोजमाप करावयाचें तें डिस्क लहान असेल तेव्हां, किंवा काम नेहमींपेक्षां जड असेल तेव्हां.

एसएसडी झिजण्याची भीति कितपत खरी? तीवर किती लिहितां येईल याची हमी कारखानदार टेराबाइटांत देतात. समजा हमी १५० टेराबाइटची आहे, आणि पेज फायलीसाठीं रोज २० गिगाबाइट लिहिले जातात. हा अंदाज घरगुती वापरास भरपूर मोठा आहे. वर्षाचे झाले सुमारें ७.३ टेराबाइट. म्हणजे तेवढ्याच लिहिण्यानें हमी संपावयास वीस वर्षें लागतील. त्याआधीं यंत्राचें बाकी सर्व जुनें झालेलें असेल. दुसरी एक समजूत अशी कीं, एकाच डिस्कचे दोन भाग पाडून पेज फाइल दुसऱ्या भागांत ठेवली म्हणजे वेग वाढतो. डिस्क तीच, मग नांव बदलून वेग कसा वाढावा? यंत्रांत एक एसएसडी आणि एक जुनी फिरती डिस्क अशा दोन असतील तर मात्र फाइल एसएसडीवरच असावी.

ज्यांच्या घरीं लिनक्स आहे त्यांना एक भेद ठाऊक असावा. तेथें या जागेस 'स्वॅप' म्हणतात, आणि लिनक्सचा स्वभाव विंडोजहून उदार आहे : पदरीं असेल त्याहून अधिक देण्याचें तो सहसा कबूल करतो. पण खरोखरीच तंगी आली कीं तो एखादा चालता प्रोग्राम निवडून बंद पाडतो. तेव्हां तेथेंहि थोडी राखीव जागा असणें शहाणपणाचें. ॲपलच्या मॅकमध्यें ही व्यवस्था यंत्र स्वतःच पाहतें. आपण डिस्क मोकळी ठेवली म्हणजे झालें.

आतां पैशाची गोष्ट. यंत्र मंद झालें कीं नवें घ्यावें असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि मध्यमवर्गीय घराला तो खर्च थोडा नसतो. खर्च करण्यापूर्वीं त्याच 'टास्क मॅनेजर'मध्यें पाहावें. नेहमींच्या कामांत रॅम सतत नव्वद टक्क्यांहून अधिक भरलेली असेल आणि त्याच वेळीं डिस्कहि सारखी राबत असेल, तर पेज फायलीचा आंकडा कितीहि बदलला तरी गुण येणार नाहीं. अशा वेळीं एक तर एकदम उघडे ठेवलेले प्रोग्राम कमी करावे, नाहीं तर रॅमची एक पट्टी वाढवावी. कांहीं मांडीवरच्या संगणकांत रॅम आंतच कायमची जोडलेली असते. तेव्हां पट्टी विकत घेण्याआधीं ती बसविण्यास जागा आहे ना, याची खात्री करून घ्यावी. उलट रॅम बरीच मोकळी दिसत असतांना यंत्र मंद असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. बिचाऱ्या स्मृतीच्या माथीं तो मारूं नये.

तात्पर्य, पेज फाइल ही घरांतील अडीअडचणीच्या शिलकेसारखी आहे. तिच्यावर रोजचा संसार चालवूं नये. पण ती नाहींशी करून वाऱ्यावरहि राहूं नये. आणि ती किती असावी हें शेजाऱ्याच्या शिलकेवरून किंवा एखाद्या पाठ केलेल्या सूत्रावरून ठरत नाहीं. आपल्या घरचा सर्वांत जड दिवस कोणता आणि त्या दिवशीं खर्च किती झाला, यावरून ठरतें. तो दिवस मोजण्यास एक वही, एक पेन्सिल आणि एक आठवडा पुरतो. तोंपर्यंत, आणि त्यानंतरहि, लिहीत असतां दर दहा मिनिटांनीं कंट्रोल आणि एस या दोन कळा दाबून लिहिलेलें जपून ठेवण्याची संवय मात्र प्रत्येकानें लावून घ्यावी. यंत्राची स्मृति कितीहि वाढवितां येते. परंतु तिच्यांत ठेवावयाच्या गोष्टी, कोणाच्या वह्या, कोणाचीं पत्रें, कोणाचा वर्षभराचा अभ्यास, या पुन्हां विकत मिळत नाहींत.